फुलीची जागा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा आणि पोलीस पंचनाम्याचा संबंध काय, असे कोणीही विचारील. गेल्या मे महिन्यापर्यंत मीही विचारले असते.

सुट्टीत मी बेळगावहून इंदूरला, रामबागेतल्या आत्याकडे गेलो होतो. एका सकाळी तिच्या शेजारचे बिऱ्हाड उज्जैनचे लग्न आटोपून परतले, तो मागच्या खिडकीचे गज वाकवलेले, कपाट फोडलेले आणि देवघरातली चांदीची भांडी नाहीशी! पोलीस आले. त्यांना दोन पंच हवे होते. आतोबांचे गुडघे दुखत असल्यामुळे त्यांनी मला पुढे केले. "वीस वर्षांचा घोडा झालास, जा," म्हणाले.

मला वाटले होते, चित्रपटातल्यासारखे भिंग निघेल. निघाली ती टेप. फौजदारसाहेबांनी आधी सर्वांना दारातच थांबवले. कशालाही हात लावायचा नाही. फोटो आधी, मोजमाप नंतर आणि वस्तू उचलणे सर्वांत शेवटी. फोटोत वस्तू दिसते, पण दोन वस्तूंमधले अंतर फोटोवरून नेमके सांगता येत नाही, म्हणून नकाशा लागतो. कागदावर उत्तर दिशेचा बाण, तारीख, वेळ आणि 'नकाशा प्रमाणात नाही' ही टीप आली. मग जमिनीवर पडलेल्या तुटक्या कुलपाची जागा ठरवायची होती. "कपाटापासून मोजू?" मी विचारले. ते हसले. कपाट उद्या कोणी सरकवील. भिंत कोण सरकवणार? दाराच्या चौकटीपासून २ मीटर १० सेंटिमीटर, खोलीच्या कोपऱ्यापासून १ मीटर ४५ सेंटिमीटर. दोन पक्क्या ठिकाणांपासून दोन अंतरे घेतली की दोन कंस दोनच ठिकाणी छेदतात आणि त्यांतले एक भिंतीपलीकडे पडते. कुलूप उचलून नेले तरी त्याची जागा कागदावर कायम राहते. शाळेतली भूमिती अशी उपयोगी पडेल, हे आमच्या गुरुजींनाही ठाऊक नसावे!

टेपचे एक टोक माझ्या हातात होते, आकडेही मीच लिहून घेत होतो. आम्ही मागच्या अंगणात आलो तेव्हा आत्या कुंपणापलीकडून म्हणाली, "काल संध्याकाळी तो दूधवाला पोरगा इथेच उभा होता. या खिडकीखाली." मी लगेच कागदावर खिडकीखाली एक फुली मारली आणि 'दूधवाला' असे लिहिले.

फौजदारसाहेबांनी कागद पाहिला. "तुमने खुद देखा?"

"नाही. आत्याने पाहिले."

"तो मिटाओ." बाईंचे म्हणणे त्यांच्या जबाबात येईल, नकाशात नाही, असे त्यांनी सांगितले. मी फुली खोडली खरी, पण मनातून रागावलो. आत्या काय खोटे बोलणार?

रात्री जेवताना आतोबांनी बावला खून खटल्याची गोष्ट काढली. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. बरोबरची मुमताज बेगम इंदूर दरबार सोडून आलेली. वाटेने जाणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी काही हल्लेखोरांना जागीच धरले. पुढे तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. लोकांनी मात्र मलबार हिलपासून थेट राजवाड्यापर्यंत रेघ ओढली. महाराज तुकोजीराव होळकरांवर खटला चालला नाही. त्यांनी १९२६ साली गादी सोडली. "लोक बोलले ते खरे की खोटे, ही बात वेगळी," आतोबा म्हणाले, "पण कोर्टाला बोलण्यावरून शिक्षा देता येत नाही."

परत आल्यावर कायदा शिकवणाऱ्या सरांना मी ही फुलीची हकीगत सांगितली. त्यांनी १९६२ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमधला तोरीसिंग खटला काढून दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हेच म्हटले आहे: नकाशा करणाऱ्याने स्वतः पाहिले ते पुरावा, साक्षीदारांनी पोलिसाला सांगितल्यावरून केलेल्या खुणा पुराव्यात धरता येत नाहीत. आता तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची आणि चित्रीकरणाची तरतूद आहे. पण कॅमेराही त्याच्यासमोर असेल तेच दाखवणार!

जूनमध्ये आत्याचा फोन आला. चोर अजून सापडला नव्हता. बोलता बोलता ती म्हणाली, "अरे, तो पोरगा दिसला तो आदल्या दिवशी रे. त्या संध्याकाळी दूध घ्यायला मीच डेअरीत गेले होते. फौजदारांना जाऊन सांगून आले." आत्या खोटे बोलली नव्हती, तिचा एक दिवस चुकला होता. जबाब तिला दुरुस्त करता आला. त्या नकाशाखाली मात्र सही माझी होती. फुली राहिली असती तर सोळा-सतरा वर्षांच्या त्या पोराला मी, कधी न पाहता, खिडकीखाली उभे केले असते.

वहीखात्यात व्हाउचरवाचून नोंद करू नये, हे आम्ही पहिल्या वर्षी पाठ करतो. परीक्षेत त्याला दोन गुण असतात. माझी आई कन्नड; तिच्या तोंडी एक म्हण असते: 'प्रत्यक्ष कंडरू प्रमाणिसि नोडु', डोळ्यांनी पाहिलेस तरी पडताळून पाहा. मी तर पाहिलेही नव्हते.