पाटाचं उदाहरण

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षं पाटाचं उदाहरण देत आलो. बरेच दिवस कोरड्या पडलेल्या पाटाला एकदम पाणी सोडलं की पहिला लोंढा गाळ, काटक्या सगळं घेऊन शेतात घुसतो. रक्तपुरवठा तुटलेल्या अवयवात रक्त परत आलं की तसंच होतं. गाळ म्हणजे ऑक्सिजनचे फ्री रॅडिकल्स, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे पाटाच्या तोंडाशी लावलेली जाळी. मुलं वहीत उतरवून घ्यायची. एमडीचा प्रबंधही मी याच विश्वासावर लिहिला होता.

प्रयोग सोपा होता. व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या उंदराच्या डाव्या फुफ्फुसाची धमनी तासभर चिमट्यानं बंद ठेवायची आणि मग सोडायची. निम्म्या उंदरांना आधीच एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट टोचायचं. शेवटी फुफ्फुस ओलं तोलायचं, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तोलायचं, म्हणजे आत किती पाणी साचलं ते कळतं. औषध दिलेल्या उंदरांची फुफ्फुसं कमी भिजलेली निघाली. परीक्षक खूश, मीही खूश.

हृदयाच्या झटक्यात सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे अँटिऑक्सिडंट देऊन फायदा झाला नाही, हे १९९४ मध्येच छापून आलं होतं. मी म्हटलं, डोस चुकला असेल. पक्षाघातावरचं एनएक्सवाय-०५९ हे रॅडिकल्स पकडणारं औषध २००६ च्या चाचणीत थोडं चमकलं आणि २००७ मध्ये सुमारे ३,३०० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत साफ पडलं. तेव्हा म्हटलं, मेंदूचं वेगळं असतं. माणसाला सबबी कमी पडत नाहीत, प्राध्यापकाला तर मुळीच नाहीत.

मग एका तासाला मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, धमनी बंद होती, पण व्हेंटिलेटर चालू होता ना? मग फुफ्फुसाला ऑक्सिजन कमी पडला कुठे?”

मी “पुढच्या तासाला सांगतो” म्हणालो. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

माझा सगळा सिद्धान्त आतड्यावरून उचललेला होता. १९८१ मध्ये मांजरांच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून तो पुढे आला: ऑक्सिजन तुटला की पेशीतलं एटीपी मोडत जाऊन हायपोझँथिन साचतं, आणि ऑक्सिजन परतला की झँथिन ऑक्सिडेज त्यावर रॅडिकल्स तयार करतं. आतड्याला ऑक्सिजन रक्तच आणून देतं. फुफ्फुसाच्या वायुकोशांत मात्र तो भरलेलाच असतो. प्रत्यारोपणासाठी थंड पेटीतून नेतानाही फुफ्फुस फुगवूनच नेतात. शोधत गेलो तेव्हा अमेरिकेतल्या ॲरॉन फिशर यांच्या गटाचं काम हाती लागलं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला प्रवाह थांबल्याचंच कळतं, घासून जाणारं रक्त थांबलं एवढ्यावरून. तिथला एनएडीपीएच ऑक्सिडेज जागा होतो आणि रॅडिकल्स निघू लागतात, रक्त परत येण्याच्या आधीच. वर त्यातला काही भाग नवी रक्तवाहिनी उभारण्याचा निरोप असतो. म्हणजे मी ज्याला गाळ म्हणत होतो त्यात चिठ्ठ्याही होत्या, आणि माझी जाळी त्याही अडवणार होती.

अँटिऑक्सिडंट टाकाऊ आहेत असं नाही. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत हेच एन-ॲसिटिलसिस्टीन यकृत वाचवतं. प्रत्यारोपणात रक्त कधी सुरू होणार हे आधी ठाऊक असतं, तिथे आधी औषध देऊन पाहण्याला अर्थ आहे. पण फुफ्फुसात गुठळी अडकून आलेला रुग्ण अर्धा तास आधी कळवून येत नाही, आणि माझ्या प्रत्येक उंदराला औषध आधीच मिळालं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. चिमटा काढल्यावर काही मिनिटांत चार उंदीर मेले होते. ‘शस्त्रक्रियेतील मृत्यू’ म्हणून मी ते तक्त्यातून वगळले. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर कुणी विचारलंही नाही. चारांपैकी तीन औषध दिलेल्या गटातले होते.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला हे सगळं सांगितलं, उंदरांसकट. प्रबंधाची प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तक्ता जुनाच आहे.