पारोळ्याचा पॉप-अप

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं मला हमखास विचारतात, "सर, ह्या मशिनवर होमपेज का बदलता येत नाही?" सेटिंग्जमध्ये जावं तर बटण फिकट, क्लिकच होत नाही. क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी भारदस्त ओळ दिसते. ही ऑर्गनायझेशन म्हणजे फार मोठं काही नसतं हो. सर्व्हर रूममध्ये मोडक्या खुर्चीवर एक माणूस बसलेला असतो, बस. आपल्याकडे तो मी.

ह्या कामाची ओळख मला पारोळ्यात झाली. डिप्लोमाच्या सुट्टीत मी हायवेलगतच्या एका सायबर कॅफेत बसायचो. सहा मशिन, तासाला 20 रुपये. विंडोज एक्सपी आणि इंटरनेट एक्सप्लोरर 6. संध्याकाळपर्यंत प्रत्येक ब्राउझरच्या कपाळावर तीन-तीन टूलबार चढलेले असायचे, होमपेज भलतंच झालेलं असायचं. वडिलांबरोबर निकाल बघायला आलेल्या मुलीसमोर नको ती खिडकी उघडली की शेठ माझ्यावर ओरडायचे. मग सकाळी झाडू मारून झाला की मी एकेका मशिनवर बसायचो. टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, होमपेज, ओके. सहा वेळा. दुसऱ्या दिवशी परत सहा वेळा.

2006 मध्ये इथे लागलो तेव्हा सहाचे साठ झाले. प्रॉक्सीचा पत्ता बदलला की साठ मशिनवर हाताने टाइप करायचा. एका आकड्याची चूक झाली की त्या मशिनवर नेट बंद, आणि मुलं म्हणणार, "सर, नेट गेलं." दोन दिवस असे घालवल्यावर मी वाचायला बसलो. कळलं की जगाने ह्यावर आधीच डोकं खाजवलेलं आहे. 1996 मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर 2 ने सोय काढली होती की ब्राउझरला प्रॉक्सी सांगायचाच नाही, फक्त एका फाईलचा पत्ता द्यायचा. त्या फाईलमध्ये जावास्क्रिप्टचं एक छोटं फंक्शन. ब्राउझर प्रत्येक साइटला जाताना त्याला विचारतो, ते सांगतं: प्रॉक्सीमार्गे जा, किंवा थेट जा. आमच्या पारोळ्याचा किल्ला भुईकोट, भोवती खंदक. आत यायचं तर दरवाजातून. तसंच हे.

मायक्रोसॉफ्टकडे तर एक किटच होतं. त्यातून आपल्या संस्थेचं नाव टायटल बारवर असलेला इंटरनेट एक्सप्लोरर बनवता यायचा. शिवाय विंडोज 2000 पासून ग्रुप पॉलिसी होती. डोमेनमधली मशिन साधारण दर 90 मिनिटांनी नवे नियम आपणहून घेऊन जायची. पण आपली अर्धी लॅब विंडोज, अर्धी लिनक्स, आणि डोमेन नाहीच. म्हणून मी फायरफॉक्स धरला. प्रत्येक मशिनवर एकदाच एक फाईल ठेवायची, तिच्यात सर्व्हरवरच्या मुख्य फाईलचा पत्ता लिहायचा. पुढे मी सर्व्हरवर जे लिहीन ते ब्राउझर उघडताना वाचणार. एक गंमत मात्र आहे. मशिनवरच्या फाईलची पहिली ओळ ब्राउझर वाचतच नाही, सोडून देतो. मी नेमकी महत्त्वाची ओळ तिथे लिहिली होती. अख्खी रात्र गेली. मेसचा सकाळचा चहा आला तेव्हा उजेड पडला, दोन्ही अर्थांनी.

ह्या फाईलमध्ये दोन शब्द फार महत्त्वाचे. 'डिफॉल्टप्रेफ' म्हणजे मी सुचवतो, तुला नको असेल तर बदल. 'लॉकप्रेफ' म्हणजे बदलायचं नाही. मी नवा होतो, हातात सत्ता आली होती. दिसेल त्याला लॉकप्रेफ लावलं. पॉप-अप बंद. खिडकी अडवली की फायरफॉक्स वर एक पिवळी पट्टी दाखवून तसं सांगतो. मुलं त्या पट्टीबद्दल दहादा विचारायची, म्हणून मी पट्टीही बंद केली. लॅब एकदम शांत झाली. मी खूश.

2008. कॅम्पसला येणाऱ्या एका कंपनीचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन होतं, शेवटचा दिवस, संध्याकाळी 5 पर्यंत. फॉर्म पाठवला की नंतरच्या पानाबरोबर आपोआप एक छोटी खिडकी उघडायची आणि तिच्यात 'कन्फर्म' दाबायचं. आपल्या लॅबमध्ये ती उघडलीच नाही. पट्टीही नाही. मुलांना वाटलं, झालं. साडेतीनला प्लेसमेंट ऑफिसातून यादी आली: अकरा नावं कन्फर्म नाहीत. अकराही जण आदल्या दिवशी माझ्याच लॅबमध्ये बसलेले.

घाम फुटणे म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. फाईल दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. दहा जण हॉस्टेलवरच होते. शिपाई पळाले, कोणी झोपेतून उठून, कोणी अर्धी दाढी करून आला. अकरावा मात्र आमच्याच गावचा, बालाजीच्या रथासाठी पारोळ्याला गेलेला. मोबाइल लागेना. मग मला कॅफेच्या शेठचा लँडलाइन नंबर आठवला. शेठने काही न विचारता दोन पोरं गर्दीत सोडली. चार वीसला कॅफेतून फोन आला.

"सर, मी ते पारोळाले शे. काय व्हयनं?"

"आधी मशिनवर बस. मग सांगतो."

"बसनू. सर, तीन टूलबार शेतस आठे."

"असू दे रे! लॉगिन कर."

फोनवर मला मागे रथाचे ढोल ऐकू येत होते. फॉर्म गेला. आधी जाहिरातीच्या दोन खिडक्या उघडल्या, त्याने बंद केल्या. तिसरी उघडली ती कन्फर्मची. चार वाजून एक्केचाळीस मिनिटं. ज्या ब्राउझरला मी रोज सकाळी शिव्या देत पुसायचो, त्याला कोणी काहीच लॉक केलेलं नव्हतं.

त्या पोराला ती नोकरी लागली नाही. ॲप्टिट्यूडमध्ये विकेट पडली. पण ती त्याची त्याने टाकलेली विकेट होती, मी पंच म्हणून आधीच बोट वर केलेलं नव्हतं.

त्या रात्री मी फाईल ओळीओळीने वाचली. प्रत्येक कुलपाला विचारलं, तू का? प्रॉक्सी लॉक राहिला, कारण तो बदलला तर नेट जातं आणि दोष लॅबला लागतो. होमपेजही राहिलं, तिथे परीक्षेच्या नोटिसा असतात. बाकीच्या बहुतेकांचं डिफॉल्टप्रेफ झालं. पिवळी पट्टी परत आली, आणि पट्टीबद्दलचे प्रश्नही.

आता साधनं बदलली. 2018 मध्ये फायरफॉक्स 60 आला तेव्हापासून पॉलिसीची वेगळी, सोपी फाईल मिळते. इंटरनेट एक्सप्लोरर 15 जून 2022 ला निवृत्त झाला. फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:पॉलिसीज' लिहा, मी काय काय लावून ठेवलंय ते तुम्हालाच दिसेल. एखादं पटलं नाही तर सर्व्हर रूममध्ये या, भांडा. दोनदा मी हरलोही आहे.

जुन्या पद्धतीची ती छोटी फाईल मात्र लिनक्सच्या मशिनवर अजून आहे. तिची पहिली ओळ ब्राउझर आजही वाचत नाही. तिथे मी लिहून ठेवलंय: 'पारोळा, 4.41'. नव्या असिस्टंटने परवा ते पाहिलं.

"सर, हे बसचं टायमिंग आहे का?"

म्हटलं, बस, सांगतो. आधी दोन चहा सांग.