कर्सरचं टोक

लिनक्सवर माऊसचा बाण बदलायचा म्हटलं की लोक ती हौस समजतात. वॉलपेपर बदलला, आयकॉन बदलले, आता कर्सरही बदलून बघू. मी कर्सर थीम बनवतो, मुख्यतः कमी दिसणाऱ्यांसाठी, आणि हे काम वॉलपेपरच्या रांगेत बसवलेलं मला मान्य नाही. वॉलपेपर दिसला नाही म्हणून कुणाचं काम अडत नाही. बाण हरवला की माणूस तिथेच थांबतो.

पूर्वी या बाणाला फारशी मुभा नव्हती. पडद्यावर खिडक्या आणि बाण दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली. तिच्यात कर्सर एका फाँटमध्ये भरलेले होते. एकूण ७७ आकृत्या, प्रत्येकीला दोनच रंग. नेहमीचा बाण आणि घड्याळ यांच्या जोडीला त्यात होडी होती, कॉफीचा मगसुद्धा होता. पण कडा खडबडीत आणि आकार ठरलेला. कीथ पॅकार्ड यांची एक्सकर्सर लायब्ररी २००३ मध्ये एक्सफ्री८६ या एक्सच्या मुक्त रूपाच्या ४.३ आवृत्तीबरोबर आली आणि पूर्ण रंग, अर्धपारदर्शक कडा, सावली, हलती चित्रं हे सगळं शक्य झालं. आज आपण जिला कर्सर थीम म्हणतो ती तेव्हापासूनची.

थीम म्हणजे एक फोल्डर. तो आपल्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट आयकॉन्स’ या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकायचा, की सेटिंग्जमध्ये थीमचं नाव दिसू लागतं. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. थीममध्ये एखादी आकृती नसेल तर ती कोणत्या दुसऱ्या थीममधून घ्यायची, हेही आतल्या एका छोट्या मजकूर फाईलमध्ये लिहिता येतं.

चित्र काढणं त्या मानाने सोपं आहे. कसोटी लागते ती हॉटस्पॉटची. कर्सर हे चौकोनी चित्र असतं आणि त्यातल्या एकाच बिंदूवर क्लिक होतं; तोच हॉटस्पॉट. बाणाचा तो बिंदू टोकाला, हाताचा तर्जनीच्या शेंड्यावर, मजकुरातल्या उभ्या दांडीचा मधोमध. चित्रांची कर्सर फाईल बनवणाऱ्या ‘एक्सकर्सरजेन’ या साधनाला प्रत्येक चित्रासाठी एक ओळ लिहून द्यावी लागते: आकार, हॉटस्पॉट डावीकडून किती, वरून किती, चित्राचं नाव आणि हलतं चित्र असेल तर ते किती मिलिसेकंद दाखवायचं. समजा, २४ पिक्सेलच्या चित्रात बाणाचं टोक डावीकडून ४ आणि वरून ४ वर आहे. ४८च्या चित्रात ते ८ आणि ८ वर जातं, म्हणून आकडेही बदलायला हवेत. ते ४ आणि ४च राहिले तर क्लिक टोकापासून थोडं वर, डावीकडे पडतं. मोठ्या बटणावर हे खपून जातं. खिडकीची बारीक कड पकडून ओढायला गेलं की ती हाती लागत नाही, आणि ज्याला आधीच नीट दिसत नाही तो स्वतःच्या डोळ्यांना दोष देतो. म्हणून नवी थीम मी आधी खिडकीच्या कडांवर फिरवून बघतो. रंग नंतर.

थीमचा फोल्डर उघडून पाहिलात तर बत्तीस अक्षरी, अर्थहीन वाटणाऱ्या नावांच्या फाइली दिसतील. त्या कचरा समजून पुसू नका. जुने प्रोग्रॅम नावाने कर्सर मागत नसत, स्वतःचं छोटं चित्र पुढे करत. एक्सकर्सर त्या चित्राचा हॅश, म्हणजे चित्रावरूनच काढलेली बत्तीस अक्षरी खूण, काढते आणि त्या खुणेच्या नावाची फाईल थीममध्ये असेल तर तिच्यातलं चित्र दाखवते. बहुतेक वेळा त्या फाइली म्हणजे मूळ फाइलींकडे नेणारे दुवे असतात. फॅट पद्धतीच्या पेनड्राईव्हवर असे दुवे टिकत नाहीत. तेव्हा थीम न्यायची असेल तर ती बांधलेल्या टार फाइलीतच न्यावी आणि दुसऱ्या संगणकावर उलगडावी.

एक्सची जागा घेणारी वेलँड ही नवी पद्धत आल्यावर गणित बदललं. तिथे कर्सरचं चित्र प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः पाठवतो, त्यामुळे डेस्कटॉपवरचा मोठा बाण एखाद्या खिडकीत शिरताच लहान होतो. २०२३ मध्ये यावर नवा प्रोटोकॉल आला: प्रोग्रॅमने फक्त आकृतीचं नाव सांगायचं, चित्र डेस्कटॉप दाखवेल. मला हा रस्ता बरोबर वाटतो. दिसायचं कसं हे वापरणाऱ्याने एकदा ठरवावं आणि सगळ्या प्रोग्रॅमांनी ते पाळावं.

काळा बाण चांगला की पांढरा, हे मला नेहमी विचारतात. पांढऱ्या कागदासारख्या स्क्रीनवर दिवसभर काम असेल तर पांढऱ्या कडेचा काळा, गडद स्क्रीन असेल तर काळ्या कडेचा पांढरा. कड जाड हवी. चकाकणाऱ्या, फिरणाऱ्या थीम दोन दिवस छान वाटतात.

आणि एक विनंती. घरात वयस्कर कुणी लिनक्स वापरत असेल, तर थीम शोधण्याआधी आकार वाढवून द्या. ग्नोम डेस्कटॉपमध्ये ही सोय ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर आहे, नेहमीच्या २४ पासून ९६ पिक्सेलपर्यंत. केडीईमध्ये ती कर्सरच्या पानावर सापडेल, आणि केडीईच्याच प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.१ आवृत्तीपासून माऊस जोरात हलवला की बाण क्षणभर मोठा होतो. निवड मात्र तुम्ही करू नका. त्यांना खुर्चीवर बसवा, एकेक आकार लावून दाखवा आणि कुठला ठेवायचा ते त्यांनाच विचारा.