भरतवाक्य कोणी म्हणायचं?

संगीत नाटकाच्या रसिकाला ‘तुमचं आवडतं नाटक कुठलं?’ असं कधी विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं आणि सोबत एक पद ऐकावं लागतं. त्यापेक्षा ‘कुठलं नाटक आता बंद करावं?’ असं विचारावं. मग माणूस मोकळा होतो. गिरगावात, केळेवाडीतल्या साहित्य संघातून रात्री बाहेर पडलेली मंडळी चर्नी रोड स्टेशनाच्या दिशेने जाताना याच प्रश्नावर भांडायची आणि मी, अर्ध्या चड्डीतला, त्यांच्या मागे पाय ओढत चालायचो. एकाच्या मते ‘शारदा’चा विषयच संपला होता. दुसऱ्याला ‘मानापमान’मधल्या धैर्यधराचा राग, सेनापती म्हणवतो आणि गाण्याशिवाय काही करत नाही म्हणून. तिसरा ‘एकच प्याला’वर घसरायचा. ‘सौभद्र’ मात्र सगळ्यांच्याच यादीत असे. ‘शंभर वर्षं होत आली, अजून किती वेळा ती सुभद्रा पळवायची?’ असं तावातावाने म्हणणारे, पुढच्या महिन्यात ‘सौभद्र’ लागलं की पुढच्या रांगांत दिसत.

माझे आजोबा त्या टोळीतले सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी बालगंधर्वांना समोर बसून ऐकलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा. ते वादात फारसे पडत नसत, पण त्यांचं मत मला खुर्चीतच कळायचं. ‘स्वयंवर’ असलं की ऑर्गनचा सूर लागताच त्यांचे डोळे मिटत ते अंक पडेपर्यंत. झोपलेत म्हणावं तर समेला उजव्या हाताचं बोट मांडीवर बरोबर पडायचं. रुक्मिणीने कुठला शालू नेसला होता, कृष्ण उंच होता की बुटका, हे त्यांना घरी येऊन सांगता आलं नसतं. ‘सौभद्र’ला मात्र पदापुरते डोळे मिटायचे आणि पद संपलं की टक्क उघडायचे. बलराम आला की तर ते पुढे सरकून बसत.

तो प्रवेश मलाही त्या वयात कळायचा. बहीण दुर्योधनाला द्यायची असा बलरामदादांचा हट्ट. तिच्या प्रेमात पडलेला अर्जुन यतीच्या वेषात त्यांच्याच दारात येतो आणि हा भाबडा थोरला भाऊ त्याच्या वैराग्यावर खूश होऊन त्याला घरात ठेवून घेतो, वर सुभद्रेलाच त्याच्या सेवेला लावतो. कृष्ण बाजूला उभा राहून दादांच्या प्रत्येक वाक्याला ‘होय, होय’ करत असतो. बलराम जितका गंभीर, तितका हशा मोठा. एका प्रयोगात बलराम झालेल्या नटाने यतीच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते उचलायला इतका वेळ लावला, की अर्जुन खरोखरच कासावीस होऊन कृष्णाकडे बघायला लागला. आजोबांनी तेव्हा माझ्या दंडाला धरलं होतं, बोटं रुतेपर्यंत.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात १८८० साली ‘शाकुंतल’ लावलं ते कालिदासाच्या जोरावर. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं, तेही आधी तीन अंकांचं. पुढचे अंक नंतर जोडले गेले. गोष्ट महाभारतातली, पण ती ज्या घरात घडते ते घर पेशवाईनंतरच्या मराठी वाड्यासारखं आहे: मोठ्या भावाचा शब्द, धाकट्याची चलाखी, पाहुण्यांचा राबता, बायकांची कुजबुज. शंभरावर पदं, त्यांत साक्या, दिंड्या, लावणीच्या आणि कानडी वळणाच्या चाली. पदं बोलण्यातून निघतात आणि परत बोलण्यात जातात. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा त्या काळी गाजली, पुढे बालगंधर्वांची गाजली, आणि ‘सौभद्र’ पिढीजात झालं.

बालगंधर्वांबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती आजोबांच्या पिढीला बोलून दाखवायला जड जायची. खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ १९१६च्या डिसेंबरात हुबळीला लागलं. भास्करबुवा बखल्यांनी चाली दिलेल्या, रागदारी अशी की पद सुरू झालं की गोष्ट थांबलीच पाहिजे. त्यावर वन्समोर. मग पुन्हा वन्समोर. लोक रात्रभर बसत आणि पहाटे तृप्त होऊन उठत, पण रुक्मिणीचं लग्न लागलं की नाही याची काळजी कोणाला उरलेली नसे. वन्समोरवर माझा पहिल्यापासून राग आहे. ‘सौभद्र’मध्ये घटोत्कचाने उचलून आणलेली सुभद्रा रानात एकटी घाबरून गाते आणि टाळ्यांच्या हुकमावरून पुन्हा पहिल्या ओळीपासून घाबरते. एका नाट्यगृहात तिला असं तिसऱ्यांदा घाबरताना मी पाहिलं आहे. तोवर प्रेक्षागृहात ‘वडा बरा होता’पर्यंत गप्पा पोचल्या होत्या.

बालगंधर्व साठीकडे झुकल्यावरही अधूनमधून स्त्रीभूमिकेत उभे राहत. ‘कसे दिसायचे हो तेव्हा?’ असं मी एकदा विचारलं. आजोबा म्हणाले, ‘बघायला कोण गेलं होतं?’ या उत्तराचा मी पुढे बराच विचार केला. एका माणसाच्या गळ्यासाठी लोकांनी डोळे मिटून घ्यायचं पत्करलं, ही त्या गळ्याची थोरवी. पण ती सवय लागली. नट कसा उभा राहतो, दुसऱ्याचं ऐकताना काय करतो, हे बघायचं सोडून दिल्यावर नाटक मैफलीचं बिऱ्हाड झालं. तेव्हा साहित्य संघाच्या मंडळींच्या भांडणात माझी कसोटी ही: जे डोळे मिटून पुरेसं भोगता येतं, त्याला रंगमंचावरून उतरवावं. त्याची पदं मैफलीत न्यावीत, रेडिओवर लावावीत, क्लासात शिकवावीत. ती तिथे सुखात राहतील. नेपथ्य, रंगपट, मुकुट आणि वीस माणसांच्या संचाचा खर्च कशाला?

ही कसोटी लावली की यादी उलटीपालटी होते. ‘शारदा’ घ्या. देवलांनी १८९९ साली म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीवर ते लिहिलं, आणि १९२९चा बालविवाहविरोधी कायदा हरविलास सारडांच्या नावाने ओळखला जातो हे ठाऊक नसलेली पुष्कळ माणसं आजही तो नाटकावरूनच आला असं सांगतात. विषय जुना झाला म्हणणाऱ्यांनी वर्तमानपत्रातल्या जिल्हा पुरवण्या वाचाव्यात. पण ते सोडा. आईबापांच्या तडजोडीचे प्रवेश आणि तो लग्नाला उतावीळ भुजंगनाथ डोळे मिटून बघताच येत नाहीत. ‘संशयकल्लोळ’ही तसंच, मोलियेरकडून इंग्रजीमार्गे देवलांकडे आलेलं, त्यातला फाल्गुनराव गायला नाही तरी चालेल, त्याचा संशय दिसला पाहिजे. ‘एकच प्याला’ला तर मी म्हणेन पदंच जड होतात. गडकरी गेले १९१९च्या जानेवारीत, नाटक रंगमंचावर आलं त्यानंतर महिन्याभरात, आणि पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सुधाकराच्या घराची राख होत असताना सिंधूने तान घ्यावी हे मला कधीच सोसलेलं नाही. ते गद्य करा, शंभर वर्षं आणखी चालेल. यावर मला शिव्या बसतात. बसू देत.

‘कट्यार काळजात घुसली’बद्दल मात्र माझं मन एका जागी राहत नाही. दारव्हेकरांचं नाटक, १९६७ची अखेर, अभिषेकींचं संगीत, पणशीकरांची नाट्यसंपदा आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. गाण्यासाठी लोक यायचे, पण गोष्टच गाण्याची असल्यामुळे गाताना ती थांबत नाही. हरणाऱ्याचा आणि जिंकणाऱ्याचा चेहरा बघावाच लागतो. २०१० मध्ये राहुल देशपांडे ते पुन्हा घेऊन आले, २०१५ मध्ये चित्रपट आला. त्यानंतरच्या एका प्रयोगाला माझ्या मागच्या रांगेतली मुलं चित्रपटातल्या कव्वालीची वाट बघत बसली होती. ती आली नाही तेव्हा त्यांच्यातल्या एकाने नाटकवाल्यांनी ‘कापलं’ असा निष्कर्ष काढला. नाटक जुनं व्हायची ही नवी तऱ्हा.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याने मला ब्रॉडवेवरचं ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ दाखवलं होतं आणि २०२३च्या एप्रिलमध्ये ते पस्तीस वर्षांनी बंद झालं तेव्हा फोन करून अगदी सुतक असल्यासारखं सांगितलं. तेरा हजारांवर प्रयोग. तिथल्याही रसिकांत वर्षानुवर्षं हाच वाद होता म्हणे: याने जागा अडवली आहे, नव्या नाटकांना थिएटर मिळत नाही. मला गंमत वाटली ती वेगळीच. तिथे वाद घालायला एक पत्ता असतो. एक निर्माता, एक थिएटर, तेच झुंबर, ठरलेल्या जागी ठरलेला पाय. नट बदलतात, प्रयोग तोच. तो कोणी तरी बंद करू शकतं, तारीख जाहीर होते, लोक रडून घेतात. लंडनमध्ये तेच नाटक अजून चालू आहे, मात्र कोविडनंतर परतताना वादक सत्तावीसांवरून चौदावर आले, म्हणजे तिकडेही कात्री आहेच. ‘सौभद्र’ कोणाला बंद करता येईल? ते कोणाचंच नाही. शिलेदारांच्या ‘मराठी रंगभूमी’ने ते जपलं, पण त्यांच्यावर ते अवलंबून नव्हतं. गोव्यात देवळासमोरच्या जत्रेत कोणी तरी अर्जुन होतच असतो. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेला हौशी मंडळी बँकेची रजा काढून नारद होतात. प्रत्येकाची रंगावृत्ती वेगळी. कोणी नटी-सूत्रधार कापतो, कोणी साक्या-दिंड्या, एकाने तर घटोत्कचच गाळला होता आणि सुभद्रा कशी पळाली ते निवेदनात सांगून टाकलं. रात्रभराचं नाटक तीन तासांत बसवायचं म्हटल्यावर कात्री लागणारच; माझी तक्रार एवढीच, की ती नेमकी गद्यावर चालते. पदं ठेवायची आणि बलराम कापायचा. अशा प्रयोगाला मग मीही डोळे मिटतो.

स्वतःहून थांबलेलं संगीत नाटक मी पाहिलं ते ‘देवबाभळी’. प्राजक्त देशमुखांचं, २०१७च्या शेवटी व्यावसायिक रंगभूमीवर आलेलं. तुकोबांची आवली आणि तिच्या घरी लखुबाई होऊन आलेली रखुमाई, दोघीच. गाणं आहे, अभंग आहेत, पण आवली चुलीशी बसून ज्या तऱ्हेने लखुबाईकडे न बघता बोलते ते बघायला डोळे फाडून बसावं लागतं. २०२३च्या नोव्हेंबरात, घरं भरत असतानाच, त्यांनी षण्मुखानंदमध्ये निरोपाचा प्रयोग केला. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते पटलं नाही. चालत्या नाटकावर पडदा पाडणं म्हणजे माज, असंही एकजण म्हणाला. मला ते नीटनेटकं वाटलं, पण ‘सौभद्र’वाल्यांनी त्यापासून काही शिकावं असं म्हणवत नाही. दोघींच्या नाटकाला ‘आता पुरे’ म्हणता येतं. दीडशे वर्षांच्या आसपास पोचलेल्या आणि गावोगाव सुटलेल्या नाटकाच्या वतीने ते म्हणणार कोण?

आता आजोबा नाहीत, ती टोळीही नाही. नवी टोळी व्हॉट्सॲपवर भांडते आणि महिन्यातून कधी तरी पुण्यात कोणाच्या तरी घरी जमते. मागच्या खेपेला मी माझी यादी मांडली: ‘सौभद्र’ राहील, पण बलराम अखंड ठेवण्याच्या अटीवर, ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’ राहतील, ‘एकच प्याला’ गद्य होईल, ‘मानापमान’चे दोन अंक होतील, आणि ‘स्वयंवर’ रंगमंचावरून उतरेल. गाणं शिकवणाऱ्या एक बाई आमच्यात आहेत. त्या बराच वेळ वाटाण्याच्या शेंगा सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘अहो, माझ्या क्लासातल्या पोरी यंदा स्पर्धेला ‘स्वयंवर’च बसवताहेत. रुक्मिणी करणारी पोरगी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी पाचला उठून रियाज करते, मग दवाखाना. तुमची ती यादी तिला तुम्हीच वाचून दाखवा.’

मी म्हटलं, तिला उभं राहायला कोण शिकवतंय ते आधी सांगा. बाईंनी एका नटाचं नाव घेतलं, चांगला नट आहे, गद्य रंगभूमीवरचा, सुरात अजिबात नाही. तोच रोज दोन तास त्या पोरींना नुसतं ऐकायला शिकवतो म्हणे, म्हणजे कृष्णाचा निरोप ऐकताना रुक्मिणीने काय करायचं ते. यादीतलं ‘स्वयंवर’ मी तूर्त पेन्सिलीने खोडलं आहे. तिकीट काढून जाणार आहे. वन्समोर मात्र देणार नाही, आणि शेजारच्याने दिला तर त्याच्याशी भांडेन.