तेराव्या महिन्याची बेरीज

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण ज्याने केली तो गृहस्थ पंढरपूरचा खास नसावा. आमच्या गावी अधिक मास म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाच्या ताटात तेहेतीस अनारसे, चंद्रभागेवर स्नानाची झुंबड, आणि महाद्वारातल्या दुकानदारांना चार वाऱ्यांवर लाभलेली पाचवी वारी! चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची उसनवारी साचत जाते, आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी पंचांगकर्ते ती एका महिन्याने फेडून टाकतात. पंचांगाला हे सहज जमते. हिशेबाच्या तक्त्याला जमेलच असे नाही.

आमच्या शेजारी बुक्का, कुंकू, चुरमुरे आणि तुळशीच्या माळा विकणारे एक दुकान आहे. गिऱ्हाईक तिथीने येते, तेव्हा हिशेबही चैत्र ते फाल्गुन. जिन्नस आडव्या ओळींत, महिने उभ्या रकान्यांत, ओळीच्या टोकाला आडवी बेरीज. मालकांच्या थोरल्या भावाची विधवा पत्नी घरी बसून माळा ओवते. माळांच्या विक्रीत निम्मा वाटा तिचा. मालकांचा मुलगा कॉमर्सचा पदवीधर. त्याने हे सारे संगणकावर आणले. महिन्याची विक्री भरली की त्या क्वेरीत नवा रकाना आपोआप उभा राही. बेरजेच्या सूत्रात मात्र त्याने बारा महिन्यांची नावे एकापुढे एक लिहून ठेवली होती.

२०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण आला. तेरावा रकाना उभा राहिला; सूत्राला त्याचे नावच ठाऊक नव्हते. त्याने बारा आकडे मिळवले आणि कसलीही तक्रार केली नाही. (यंत्रांची ही शालीनता मला नेहमीच धास्तावते.) गुढीपाडव्याला हिशेब झाला, तेव्हा काकूंनी बोटांवर मोजून विचारले, “अरे, माझा अधिक कुठं गेला?” रकाना होता, आकडा होता, बेरजेत तेवढा नव्हता, आणि वर्षभरात सर्वांत जास्त माळा त्यांनी ओवल्या होत्या त्या त्याच महिन्यात.

पोराने सूत्र उलटे केले. जिन्नसाचे नाव सोडून ओळीत जे जे असेल ते सारे मिळव. सरासरीला बाराने नव्हे, जितके रकाने असतील तितक्यांनी भाग. युक्ती मला आवडली. पण ‘सारे’ हा शब्द मराठीच्या मास्तराला जरा संशयास्पदच. उद्या कोणी ‘दर’ असा रकाना घातला, तर माळेचा भावही विक्रीत जमा व्हायचा! बरे, केवळ संख्येवर विसंबावे, तर १९८२-८३ साली आश्विन आणि फाल्गुन असे दोन अधिक आले आणि मध्ये एका महिन्याचा क्षय झाला. रकाने तेराच, पण नावे निराळी.

तेव्हा मी त्याला आजोबांची कीर्द काढायला सांगितली. तीत महिन्यांचे रकाने नाहीतच. तिथी, जिन्नस, रक्कम, एकाखाली एक, खतावणी मागाहून. त्याला ते तत्काळ उमगले. त्याने महिन्यांचे रकाने मोडून ओळी केल्या, महिना हाही ओळीतला एक शब्द झाला, आणि जिन्नसाच्या नावाने बेरजा घेतल्या. आता २०२६ चा अधिक ज्येष्ठ काय किंवा कोणताही अधिक काय, नुसता एक नवा शब्द. काकूंचा राहिलेला वाटा त्याने त्याच संध्याकाळी पोचता केला.

जुनी साले चढवताना मात्र एक पेच आला. २०२० साली अधिक आश्विन होता. पण मंदिर मार्चपासून बंद, ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडले. त्या महिन्यात दुकानाची फळी उघडली नव्हती आणि तक्त्यातले घर रिकामे होते. रकाने मोडताना अशा रिकाम्या घराची ओळच होत नाही. बेरजेला त्याने बाध येत नाही. पण सरासरीतून तो महिना गळतो आणि साल होते त्याहून बरे दिसते. पुढल्या खरेदीचा अंदाज तर त्या सरासरीवरच!

“वगळू का, काकू?” त्याने विचारले.

“शून्य लिही बाबा,” त्या म्हणाल्या. “तो महिनाही आम्ही काढलाच की.”