आधीं पत्ता सांगा

मदत मागण्याची कला आम्हां सुशिक्षितांना येत नाहीं, असें माझें मत बनत चाललें आहे. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायची झाली तरी आम्ही आधीं हवापाण्याच्या गोष्टी काढतों, मग मुलांच्या परीक्षेची चौकशी करतों, आणि उठतां उठतां, जणूं आत्तांच आठवण झाली अशा सुरांत, रिकामी वाटी पुढें करतों. पत्र लिहायला बसलों तर पहिलें पान क्षेमकुशलांत जातें. व्याख्यानाला उभे राहिलों तर आपण वक्ते नाहीं हें पटवून देण्यांत पंधरा मिनिटें खर्च होतात. प्रस्तावनेवांचून मुद्द्याला हात घालणें आम्हांला असभ्यपणाचें वाटतें. एरवीं या संवयीनें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु घराला आग लागली असतां, किंवा घरचें माणूस डोळ्यांदेखत कोसळलें असतां, हीच संवय बरोबर घेऊन आम्ही टेलिफोनपाशीं जातों.

हें माझ्या लक्षांत आणून दिलें तें आमच्या शेजारच्या तात्यांनीं. तात्या पोलीस खात्यांतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीचीं शेवटचीं चौदा वर्षें त्यांनीं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षांत काढलीं. त्यांच्या भाषेंत सांगायचें तर, ते "कंट्रोलला" होते. जिल्ह्यांतल्या कोणीं १०० हा क्रमांक लावला कीं त्याची हांक त्यांच्या टेबलावर येऊन पडे. एका हाताशीं टेलिफोन, दुसऱ्या हाताशीं बिनतारी यंत्र, मध्यें एक जाड नोंदवही, आणि त्या वहीपुढें तात्या.

"लोक काय काय सांगतात हो?" मीं त्यांना एकदां विचारलें.

"सगळें सांगतात," तात्या म्हणाले. "भांडण कोणत्या सालीं सुरू झालें, कोण कोणाला काय बोललें, आपण स्वतः किती निरुपद्रवी गृहस्थ आहों, सारें सांगतात. फक्त कोठून बोलतों तें सांगत नाहींत. आणि विचारलें कीं रागावतात. ज्याला मदतीला बोलावलें त्याला आपलें घर ठाऊक असणारच, असें त्यांना वाटतें."

"मग तुम्ही काय करीत होतां?"

"पत्ता विचारायचा नाहीं. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाहीं. त्याला विचारायचें, समोर काय दिसतें? घाबरला तरी डोळे उघडे असतात. त्याला पिठाची गिरणी दिसते, पिंपळ दिसतो, एखाद्या दुकानाची पाटी दिसते. तेवढें मला पुरे."

आणि तेवढें त्यांना खरोखरच पुरत असे. आमच्या शहरांत पार बांधलेले पिंपळ किती आणि त्यांपैकीं कोणत्या पिंपळासमोर गिरणी आहे, हें तात्या डोळे मिटून सांगत. मला त्या ज्ञानाचा मोठा हेवा वाटे. मीं भूगोल तीस वर्षें शिकविला. पण माझा भूगोल नद्यांचा आणि पर्वतांचा होता. तात्यांच्या भूगोलांत माणसें राहत होतीं.

तात्यांच्या संगतीनें मला या विषयाची गोडी लागली, आणि त्यासंबंधीं जें हातीं येईल तें मी वाचूं लागलों. लंडन शहरांत १९३५ च्या नोव्हेंबरांत विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली आणि तींत पांच स्त्रियांचा अंत झाला. समोर राहणाऱ्या एका गृहस्थानें अग्निशामक दलाला बोलावण्यासाठीं टेलिफोन उचलला होता. पण एक्स्चेंजमध्यें त्याची हांक इतर साध्यासुध्या हांकांच्या रांगेंतच उभी राहिली. त्यानें संतापून 'टाइम्स'ला पत्र लिहिलें, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजीं लंडनमध्यें ९९९ हा क्रमांक सुरू झाला. त्या क्रमांकावर कोणी बोलूं लागला कीं एक्स्चेंजमध्यें तांबडा दिवा लागे आणि भोंगा वाजे, म्हणजे तेथल्या मुलींनीं बाकीचें काम सोडून ती हांक आधीं घ्यावी. मात्र हा भोंगा इतका कर्कश होता कीं त्या मुलींनीं त्याच्या तोंडांत टेनिसचा चेंडू कोंबून ठेवला, अशी एक आठवण सांगितली जाते. मला ही चेंडूची गोष्ट फार आवडते. यंत्र बसविणाऱ्यांनीं हांक मारणाऱ्याचा विचार केला होता. तो भोंगा दिवसभर जिच्या कानाशीं वाजणार, तिचा विचार करायचा राहून गेला. तो तिनें आपला आपणच केला.

आमच्या तात्यांच्या आयुष्यांत हा भोंगा २०२१ सालीं वाजला. २०१२ च्या डिसेंबरांत दिल्लींत एका तरुणीवर झालेल्या अमानुष अत्याचारानंतर, साऱ्या देशांत संकटकाळीं लावायचा क्रमांक एकच असावा, या विचाराला जोर आला. २०१५ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें त्यासाठीं ११२ या क्रमांकाची शिफारस केली. २०१८ च्या नोव्हेंबरांत हिमाचल प्रदेशांत त्याचा प्रारंभ झाला. आणि २०२१ सालीं तो महाराष्ट्रांत आला. पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांची दारें निरनिराळीं ठोठवायचीं नाहींत. एकाच दारावर थाप मारायची. ही थाप आतां जिल्ह्याच्या टेबलावर पडत नाहीं. ती नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रांत पडते. तेथला माणूस ती टिपून घेतो, आणि ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षांतल्या पडद्यावर उमटते. कोणती गाडी जवळ आहे हें नकाशा दाखवितो, आणि गाडींतल्या लहानशा यंत्रावर निरोप पोंचतो. गाडी किती मिनिटांत पोंचली याचा हिशेबही यंत्रच ठेवतें.

तात्यांना तेव्हां छपन्न वर्षें पूर्ण झालीं होतीं. निवृत्तीला दोन वर्षें उरलीं होतीं, आणि त्यांना पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें. शिकवायला आलेली मुलगी त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची होती. संध्याकाळीं ते आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि उजव्या हाताचें एक बोट पुढें करून म्हणत, "बारा वर्षें लेखणी धरली, आतां या एका बोटानें लिहायचें. कळफलकावर 'ळ' सांपडेपर्यंत चोर गांवाची वेस ओलांडील!" मी हंसत असें, पण त्यांच्या आवाजांतली भीति मला ऐकूं येई. 'ळ' सांपडला नाहीं याचें त्यांना दुःख नव्हतें. आपल्याला जें येतें त्याची यापुढें कोणाला गरज नाहीं, हें त्यांना बोंचत होतें.

त्या मुलीविषयीं मात्र ते आदरानें बोलत. ती नुसत्या कळा दाबायला शिकवीत नसे. एकाला संकटांतला माणूस करी, दुसऱ्याला टेबलावर बसवी, आणि खोटी हांक खऱ्यासारखी द्यायला लावी. एके दिवशीं हा सराव ऐन रंगांत असतां तिनें एकाएकीं सारे पडदे बंद केले आणि म्हणाली, "यंत्र बंद पडलें आहे. पुढची हांक घ्या." जीं तरुण पोरें कळफलकावर वाऱ्यासारखीं बोटें चालवीत होतीं, तीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. तात्यांनीं खिशांतून कागद काढला, कानावरची पेन्सिल घेतली आणि हांक घेतली. हा प्रसंग त्यांनीं मला निदान पांच वेळां सांगितला असेल, आणि प्रत्येक वेळीं मी तो पहिल्यांदांच ऐकत असल्यासारखा ऐकला.

यंत्र आणि माणूस यांच्या या सामन्यांत माझा कौल अर्थातच तात्यांच्या बाजूला होता. आमचा पिंपळ, आमची गिरणी यांची नवी मुंबईच्या माणसाला काय कल्पना? कोठें आमच्या गल्लींतली हांक, आणि कोठें ती ऐकणारा कान! मनांतल्या मनांत या विषयावर मीं एक करुणरसपूर्ण निबंधही लिहून टाकला होता. तो कागदावर उतरला नाहीं, हें फार बरें झालें.

कारण गेल्या श्रावणांत, एका रात्रीं दोनच्या सुमारास, आमच्या सौभाग्यवती न्हाणीघराच्या दारांत कोसळल्या. मीं हांक मारली, ओ नाहीं. अंग घामानें थबथबलेलें. तात्या तेव्हां मुलीकडे गेले होते. मीं ११२ लावला. एका मुलीचा आवाज आला, आणि वर्षानुवर्षें तात्यांच्या पायाशीं बसून शहाणा झालेला हा मनुष्य काय बोलला? "नमस्कार. मी एक निवृत्त शिक्षक बोलतों आहें."

पुढें तिनें पत्ता विचारला. तो मात्र मीं एका दमांत सांगितला. जुन्या तळ्याजवळचा दत्ताचा बोळ, चौकाचा वाडा, माडीवर. एक शब्द चुकला नाहीं कीं अडखळला नाहीं. पलीकडे क्षणभर शांतता पसरली.

"काका, तुम्ही आत्तां त्याच घरांत आहांत ना?"

"मग कोठें असणार?" मी ओरडलों.

"काका, जरा खिडकीपाशीं जा. बाहेर काय दिसतें तें मला सांगा."

मी खिडकीपाशीं गेलों. "पाण्याची उंच टाकी दिसते," मी म्हणालों, "आणि पलीकडे पेट्रोलपंपाचे दिवे…" आणि स्वतःच्याच आवाजानें मी दचकलों. दत्ताच्या बोळांतल्या खिडकींतून समोरच्या वाड्याची भिंत दिसत असे. तो वाडा सोडून आम्हांला अकरा वर्षें झालीं होतीं. एकतीस वर्षें ज्या घरांत संसार केला, त्या घराचा पत्ता माझ्या जिभेनें माझ्या परवानगीवांचून सांगून टाकला होता.

नंतरचें सारें तिनें केलें. तिनें मला १०८ च्या रुग्णवाहिकेशीं जोडून दिलें, हिला कुशीवर वळवायला सांगितलें, श्वास चालू आहे कीं नाहीं तें पुन्हां पुन्हां विचारलें. गाडी आली. हिच्या रक्तांतली साखर एकदम उतरली होती. गाडींतल्या डॉक्टरांनीं सुई टोंचली, आणि थोड्या वेळानें हिनें डोळे उघडून, एवढ्या रात्रीं घरांत इतकीं माणसें कां जमलीं आहेत, अशी चौकशी केली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतें, असें डॉक्टर म्हणाले.

तात्या परत आले तेव्हां मीं त्यांना मोठ्या उत्साहानें हकीकत सांगितली. "तुमचाच प्रश्न, तात्या! समोर काय दिसतें? यंत्र असेना का, शेवटीं कामाला आला तो तुमचाच प्रश्न!"

तात्या खुलले नाहींत. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "प्रश्न माझा असेल, मास्तर. पण मीं तो तुम्हांला विचारला नसता."

"कां?"

"जो अडखळतो त्याला मी तो प्रश्न विचारीत असें. तुम्ही कोठें अडखळलांत? स्पष्ट आवाज, सुशिक्षित माणूस, बिनचूक पत्ता. मी कां शंका घेऊं? मीं गाडी दत्ताच्या बोळांत पाठविली असती. त्या मुलीला शंका आली, ती पडद्यावरच्या नकाशामुळें. तुमचा मोबाईल कोठें असावा, याचें एक वर्तुळ तिला दिसत होतें. तें वर्तुळही कांहीं लहान नसतें. त्यांत चार गल्ल्या आणि दोनशें घरें मावतात. तुमचें घर तिला तें दाखवूं शकत नव्हतें. पण दत्ताचा बोळ त्या वर्तुळांत नाहीं, एवढें तें दाखवीत होतें."

मी कांहीं बोललों नाहीं. तात्याच पुढें म्हणाले, "एकदां तसें झालें आहे. एका बाईनें गांवाचें नांव सांगितलें, आणि फोन तुटला. आवाज ठाम होता. त्या नांवाचीं गांवें दोन. एक बुद्रुक, एक खुर्द. बुद्रुकहून हांका नेहमीं येत. मीं गाडी बुद्रुकला पाठविली."

"आणि हांक खुर्दची होती?"

तात्यांनीं मान हलविली. पुढें काय झालें तें मीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींही सांगितलें नाहीं. चौदा वर्षांच्या गोष्टी सांगतांना ही गोष्ट त्यांनीं आजवर कधीं काढली नव्हती.

त्या मुलीनें पडदे बंद केले त्या दिवसाची गोष्ट मला तेव्हांपासून निराळी दिसूं लागली. यंत्रावांचून काम कसें करावें, हा धडा तात्यांना आधींपासून येत होता. म्हणून तो त्यांना गोड लागला. त्यांना शिकायचा होता तो दुसरा धडा. आपला कान निःशंकपणें एक सांगत असतां पडद्यावरचें अस्पष्ट वर्तुळ दुसरें सांगूं लागलें, तर क्षणभर थांबावें आणि विचारावें. तरुण पोरांना याच्या उलट शिकायचें होतें. नवें यंत्र आलें कीं ज्यानें त्यानें आपल्याला न येणारा धडा शिकावा लागतो, आणि तोच नेमका कडू असतो. यंत्रानें त्या रात्रीं माझें घर शोधलें नाहीं. त्यानें फक्त शंका उत्पन्न केली. त्या शंकेचा प्रश्न करायला तेथें शिकविलेलें माणूस बसलेलें होतें, म्हणून आमचें घर सांपडलें.

टेबलामागें बसणाऱ्यांना निदान कोणी शिकवायला येतें. हांक मारणाऱ्या आम्हां लोकांना शिकवायला कोण येणार? आमच्या घरीं ही उणीव भरून निघाली आहे. टेलिफोनजवळच्या भिंतीवर मीं नव्या घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. पाण्याची टाकी आणि पेट्रोलपंप यांच्यासह. शिवाय रोज सकाळीं चहाच्या वेळीं आमच्या सौभाग्यवती, मी वर्तमानपत्रांत गुंतलेला पाहून, एकाएकीं विचारतात, "पत्ता?" त्याच क्षणीं उत्तर द्यायचें, असा नियम आहे. परवां मीं "त्याचें असें आहे कीं…" अशी सुरुवात केली, तेव्हां त्यांनीं माझ्यापुढचा चहाचा पेला मुकाट्यानें उचलून नेला.