एका दिवसाच्या बोलीवर

सैतानाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसला होता आणि टोपी उचलून नमस्कार करत होता.

कपडे खेडवळ, जरा मळकेच. चेहऱ्यावर आरटीओच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या एजंटाची अदब, 'काय काम होतं?' असं न विचारताही विचारणारी. डोळे तेवढे निखाऱ्यासारखे. म्हातारा फाउस्ट त्याला बघून धूम ठोकतो. पुढच्या वळणावर पोचतो, तर तिथे हाच बसलेला, टोपी उचलतो. पुन्हा पळापळ, पुन्हा वळण, पुन्हा टोपी. धापा टाकत घरी येतो, तर स्वारी आधीच खोलीत हजर. धमकी नाही, आरडाओरडा नाही, घाई तर मुळीच नाही.

साल १९८१, फेब्रुवारीतली रात्र, पुण्यातला एका शाळेचा हॉल. चित्रपट एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'फाउस्ट', १९२६ चा मूकपट. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, दिवसा बँकेत आणि महिन्यातून दोन रात्री फिल्म सोसायटीच्या प्रोजेक्टरमागे असायचा. रात्रीच्या खेळाला मला घरून परवानगी मिळायची ती त्याच्यामुळेच. दादा बरोबर आहे म्हणजे सिनेमा सभ्यच असणार, असा आईचा ठाम समज. सोसायट्यांचे परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीतून सुटलेले असतात आणि निम्म्या सभासदांनी वर्गणी त्याच आशेवर भरलेली असते, हे आम्ही दोघांनी तिला कधी कळू दिलं नाही. त्या रात्री मात्र सूचनापत्रावर 'जर्मन मूकपट' असं छापलेलं, त्यामुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

तेव्हाच्या सोसायट्या म्हणजे मोठी खटपट असे. पुण्यात आमचं बरं चाले, कारण राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून गावातच. शिवाय वकिलातींकडून आणि त्यांच्या सांस्कृतिक केंद्रांकडून प्रती मिळत. १६ मिलिमीटरची रिळं पत्र्याच्या डब्यांतून रेल्वे पार्सलने येत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गावाला जात. दादा डबा उघडून आधी वास घ्यायचा, मग फिल्म बोटांतून सरकवत भोकं फाटलीत का ते बघायचा, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावायचा. मूकपटाची त्याला विशेष काळजी. ती चित्रं हळू गतीने घेतलेली. बोलपटाच्या चोवीसच्या गतीवर लावली की माणसं तुरुतुरु पळायला लागतात आणि मयताच्या दृश्यालाही लोक हसतात. आमच्या प्रोजेक्टरला हळू गतीचं बटण होतं. ते दाबायचा मान दादा कुणालाच देत नसे.

त्या रात्री माझ्यावरही एक कामगिरी आली. पाट्या जर्मनमध्ये होत्या आणि मी संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गाला सहा महिने जात होते. "तुला येतं ना? मग उभी राहा आणि मराठीत सांग," असं म्हणून दादाने मला पडद्याच्या बाजूला उभं केलं. सहा महिन्यांत मला स्वतःची ओळख करून देता येत होती आणि स्टेशन कुठे आहे ते विचारता येत होतं. फाउस्टच्या गावात यातलं काहीच कुणाला नको होतं. गावावर प्लेग येतो. जर्मनमध्ये त्याला 'पेस्ट' म्हणतात. मला 'पेस्ट कंट्रोल' आठवलं आणि मी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "गावात कीड पडली आहे!" पडद्यावर जत्रेत कसरती करणारा माणूस कोसळून मरतो आहे, लोक सैरावैरा पळताहेत, आणि हॉलमध्ये हशा.

हशा फार टिकला नाही, कारण तोवर मुर्नाऊने आम्हाला धरलं होतं. सुरुवातीलाच देवदूत आणि मेफिस्टो, म्हणजे हाच सैतान, यांच्यात पैज लागते: फाउस्टमधला देवाचा अंश पुसून दाखव, पृथ्वी तुझी. मग ते दृश्य. एक चिमुकलं जुनं गाव, उतरत्या छपरांची घरं, आणि त्याच्यामागून आभाळाएवढा मेफिस्टो उभा राहतो, पंख पसरतो, आणि काळा धूर गल्ल्यांमधून वाहू लागतो. आज कळतं की ते गाव म्हणजे बर्लिनच्या ऊफा स्टुडिओतली छोटी प्रतिकृती आणि तो धूर म्हणजे पंख्याने उडवलेली काजळी. तेव्हा पडद्याच्या इतक्या जवळ उभी राहून मी दोन पावलं मागे सरले होते.

या फाउस्टला तारुण्य वगैरे काही नको असतं. पांढऱ्या दाढीचा विद्वान, गाव मरताना बघतो, देवाची करुणा भाकतो, औषध चालत नाही. चिडून पोथ्या जाळायला काढतो, तर आगीतच एक पोथी उघडते आणि सैतानाला बोलवायचा विधी समोर येतो. म्हणजे माणूस बिघडतो तो लोकांचं भलं करायच्या हट्टापायी. मेफिस्टोही लगेच सगळा आत्मा मागत नाही. एक दिवस वापरून बघ म्हणतो. वाळूचं घड्याळ उलटं ठेवतो. वाळू संपेपर्यंत माझी ताकद तुझी, मग काय ते ठरव. ही पाटी आली तेव्हा मला जर्मन शब्दांपेक्षा आमच्या वाड्यातला कल्हईवाला आठवला आणि मी म्हणाले, "करार एका दिवसाच्या बोलीवर." माझ्या आयुष्यातलं एवढं एकच भाषांतर मला अजून आवडतं.

बोलीचा दिवस बरा जात नाही. फाउस्ट रोग्यांना बरं करू लागतो, पण एका मरणाऱ्या मुलीच्या हातात क्रूस असतो आणि त्याला पुढे पाऊल टाकवत नाही. लोकांना उमगतं, दगड पडतात. तो विष प्यायला निघतो, तर विषाच्या वाडग्यात सैतान त्याला त्याचाच तरुण चेहरा दाखवतो. इथून पुढे चित्रपट उडतो, अगदी शब्दशः. मेफिस्टोच्या झग्यावर बसून दोघं डोंगर, दऱ्या, नद्या ओलांडत इटलीतल्या पार्मा नगरीला जातात, आणि कॅमेरा त्या सगळ्यावरून घसरगुंडीसारखा वाहत जातो. मुर्नाऊ पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होता, हे मला खूप नंतर कळलं. पार्मात राजघराण्यातलं लग्न; मेफिस्टो नवऱ्या मुलाचा काटा काढतो; आता फाउस्ट आणि ती सुंदर डचेस. तो तिला जवळ घेणार, एवढ्यात अंगावर भारी पोशाख चढवलेला मेफिस्टो आत येतो. घड्याळ दाखवतो. वाळू संपत आली आहे.

आणि दिवे गेले.

प्रोजेक्टरची खरखर उतरत्या सुरात बंद पडली. पाच मिनिटं लोक शिट्ट्या मारत बसले, पंधरा मिनिटांनी उठायला लागले, पाऊण तासाने शाळेच्या शिपायाने कंदील आणून किल्ल्यांचा जुडगा वाजवला. प्रत सकाळच्या गाडीने जाणार होती. दादाने अंधारात चाचपडत रीळ हाताने गुंडाळलं. मी कंदील धरला होता. "ठेवलं का गं त्याने सैतानाला, की परत पाठवलं?" असं तो मला विचारत होता, जणू पाट्या मीच लिहिल्या होत्या.

परत येताना मी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर. सगळी पेठ काळोखात, डायनॅमोचा उजेड दादाच्या पायांबरोबर मोठा-लहान होणारा. पहिल्या चौकात बंद दुकानाच्या पायरीवर एक रखवालदार बसला होता, कानटोपी, तोंडात पेटती विडी. पुढच्या चौकात आणखी एक. त्याने आमचा उजेड बघून कानटोपी जरा वर सरकवली. दादाने त्यानंतर सायकल अशी काही मारली की मी घरी पोचेपर्यंत त्याचा शर्ट सोडला नाही.

आईला मी गोष्ट सांगितली तेव्हा आजीही ऐकत होती. कोकणातली बाई, भुतं तिच्या ओळखीची, मुंजा कुठल्या पिंपळावर आणि समंध कुठल्या विहिरीवर ते तोंडपाठ. तिला ही गोष्ट मुळीच पटली नाही. "भूत धरतं. कागद कसले करतं?" ती म्हणाली. मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं, पण विचार करावा तसं ते खोल जातं. आपल्याकडे करार होतात ते देवाशी. मूल होऊ दे, पाळणा वाहीन. नोकरी लागू दे, चालत येईन. बोली असते, मुदत असते, आणि नवस फेडायचा राहिला तर वसुलीही असते. आजीला उभ्या जन्मात भीती वाटली ती सैतानाची नाही, पणजीने बोललेल्या आणि कुणीच न फेडलेल्या एका नवसाची.

पुढे काय झालं ते पुस्तकात सापडेल म्हणून मी ग्रंथालयातून विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेला गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग काढला, १९६५ चा. वाचून आणखी घोटाळा. तिथे सैतान काळ्या पूडल कुत्र्याच्या रूपाने घरात येतो, टोपीचा पत्ताच नाही. प्लेग आहे तो जुन्या आठवणीत. एका दिवसाची बोली नाही, पार्मा नाही. तिथली पैज वेगळीच: एखादा क्षण इतका आवडला की तो थांबावा असं वाटलं, की फाउस्ट हरला. मुर्नाऊने गटेबरोबर जुन्या लोककथाही घेतल्या होत्या. पुस्तकातून एक मात्र लाभ झाला. गटेने नाटकाआधी नाट्यगृहातच घडणारा एक प्रवेश घातला आहे, आणि ती कल्पना त्याला 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेतल्या सूत्रधार-नटीवरून सुचली असं मानतात. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग सैतानही इथूनच नेला असता तर कागद वाचले असते.

अशी वर्षं गेली. माझ्या लेखी फाउस्ट तिथेच होता, पार्मात, डचेसला मिठी मारायच्या बेतात, वाळूचे शेवटचे कण पडताहेत. त्याच्या भोवतीच्या माणसांचं पुढे काय झालं ते मात्र तुकड्यातुकड्याने कळत गेलं. मुर्नाऊ या चित्रपटानंतर अमेरिकेला गेला, 'सनराइज' केला, आणि १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात मोटार अपघातात गेला, वय ४२. मेफिस्टो झालेला एमिल यानिंग्स उत्कृष्ट अभिनेत्याच्या पहिल्यावहिल्या ऑस्करचा मानकरी ठरला, आणि मग जर्मनीत परतून नाझींच्या प्रचारपटांत रमला. युद्धानंतर त्याला पुन्हा काम मिळालं नाही. त्याने कुठला कागद सही केला होता आणि वाळू किती होती, कुणास ठाऊक. नायिकेच्या भावाचं, फालेंटीनचं काम करणारा विल्हेल्म डीटर्ले हॉलिवूडमध्ये विल्यम झाला आणि १९४१ मध्ये त्याने स्वतःच सैतानाशी कराराचा चित्रपट काढला, 'द डेव्हिल अँड डॅनियल वेब्स्टर'. त्यात न्यू हॅम्पशायरचा एक कर्जबाजारी शेतकरी सात वर्षांच्या भरभराटीसाठी आत्मा विकतो. वॉल्टर ह्यूस्टनचा तो हसरा, खादाड सैतान शेवटी वही चाळतो, पुढचं गिऱ्हाईक शोधतो आणि सरळ प्रेक्षकांकडे बोट करतो. हा सैतान टोपी उचलणाऱ्याचाच चुलतभाऊ, यात मला शंका नाही.

दादाच्या तोंडी ती पाटी कायमची बसली. मिक्सर घ्यायचा, एका दिवसाच्या बोलीवर आणू. भाचीला स्थळ आलं, एका दिवसाच्या बोलीवर बघू. त्याच्या बायकोला हे कुठून आलं ते आम्ही कधी सांगितलं नाही.

२००९ साली माझ्या मुलाने दुरुस्त केलेल्या प्रतीची डीव्हीडी आणली. मूकपटांच्या काळी वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या टेकमधून स्वतंत्र निगेटिव्ह जुळवत, त्यामुळे 'फाउस्ट' एक नाही, अनेक आहेत. आमच्या पत्र्याच्या डब्यातला कुठला होता ते देव जाणे. लख्ख चित्र, भरपूर संगीत. घड्याळ आलं तेव्हा मी नकळत घरातल्या दिव्याकडे बघितलं.

दिवे राहिले. फाउस्टने सैतानाला ठेवून घेतलं. खरं सांगायचं तर पुढचा अर्धा तास मला कंटाळा आला. फाउस्ट चैनीला विटून गावी येतो, ग्रेट्शेन नावाच्या मुलीच्या मागे लागतो, बागेत फुलं, पोरांचे खेळ. फाउस्ट झालेला योस्टा एकमान म्हातारा म्हणून जेवढा थरारक, तेवढाच तरुण म्हणून गुळमट. ग्रेट्शेनच्या मावशीशी मेफिस्टोचं प्रेमाचं सोंग तेवढं बहारीचं. ती मावशी झाली आहे इव्हेत गिल्बेर, तूलूझ-लोत्रेकने जिची चित्रं रंगवली तीच पॅरिसची गायिका. पण मग बर्फ येतो. सगळ्या दारांनी हाकललेली ग्रेट्शेन, कडेवर तान्हं मूल, भ्रमात तिला पाळणा दिसतो आणि ती मुलाला बर्फातच निजवते. तिची किंकाळी चेहरा होऊन डोंगरांवरून फाउस्टकडे झेपावते. मूकपटात इतका मोठा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. ग्रेट्शेन झालेली कॅमिला हॉर्न तेव्हा अगदी नवखी होती. आधी लिलियन गिशचं नाव होतं म्हणे. बरं झालं ते बारगळलं.

रात्री साडेदहाला दादाला फोन लावला. तो निवृत्त होऊन सातारला राहतो.

"दादा, 'फाउस्ट' पुरा बघितला."

तिकडे जरा वेळ काही नाही. मग, "गती कितीची होती?"

"बरोबर होती. कुणी पळत नव्हतं."

"आणि भोकं?"

"डीव्हीडी आहे रे, भोकं कुठली? शेवट सांगू?"

"आत्ता नको, झोप जाईल," दादा म्हणाला. "उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली. फोन आला तो आठवड्याने, आणि अर्धा तास तो भाचीच्या लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होता. हॉल पाहिजे तो एका दिवसापुरता आणि मालक भाडं लावतो तीन दिवसांचं, अशी त्याची तक्रार होती.